थर्मामीटरच खोटा निघाला तर...

वाचकहो, स्वतःची चूक चारचौघांत सांगायला कोणालाच आवडत नाही. आम्हालाही आवडत नाही. पण आमच्या एका चुकीमुळे एका गरीब घराचे साडेनऊ हजार रुपये विनाकारण खर्च झाले. तशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही दोघे भाऊ फ्रिज आणि एसी दुरुस्तीचे काम करतो. कल्याण पूर्वेला आमचे छोटेसे दुकान आहे. पूर्वी एसी म्हणजे श्रीमंतांची चैन असे आपण म्हणायचो. आता तसे राहिले नाही. पत्र्याखालच्या खोलीत आजारी माणूस असेल तर पोरे हप्त्याने का होईना, एसी आणतात. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या मावशींच्या मुलानेही असाच आणला. मावशींचे मालक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. उन्हाळ्यात पत्रा तापला की त्यांच्या पाठीला जखमा होत.

मे २०२४ मध्ये मावशींचा निरोप आला. एसी सकाळी आणि रात्री नीट चालतो. दुपारी मात्र वीस मिनिटांत कॉम्प्रेसर बंद पडतो आणि आतला पंखा नुसतीच कोमट हवा फेकत राहतो. आम्ही गेलो. कॉम्प्रेसर फार तापला आहे, अशी खूण यंत्र दाखवत होते. गॅस कमी असला तरी कॉम्प्रेसर तापतो, म्हणून गॅसचा दाब पाहिला. तो ठीक होता. कॉइल धुतली. बाहेरचा पंखा नीट फिरत होता. कॉम्प्रेसर करंटही बरोबर घेत होता. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, "मावशी, आऊटडोअरचा बोर्ड गेला."

बोर्ड साडेनऊ हजारांचा. मावशींनी बचत गटातून उचल घेतली. आम्ही बोर्ड बसवला, संध्याकाळी यंत्र छान चालले आणि आम्ही चहा पिऊन निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी पुन्हा वीस मिनिटांत बंद!

त्या रात्री आमची भाची घरी जेवायला आली होती. ती आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड करते. सगळे ऐकून घेऊन तिने एकच प्रश्न विचारला, "मामा, कॉम्प्रेसर तापला हे बोर्डाला कळतं कसं? बोर्ड काय स्वतः पाइपला हात लावून बघतो?"

आमचा घास हातातच राहिला. बोर्डाला जो निरोप देतो, त्या सेन्सरला आम्ही तपासलेच नव्हते.

हे सेन्सर म्हणजे काय, ते घरातल्या बायाबापड्यांनाही कळले पाहिजे. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये बहुधा तीन सेन्सर असतात. एक बाहेरच्या हवेचे तापमान सांगतो, दुसरा कॉइलचे आणि तिसरा कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम पाइपचे. त्या पाइपला डिस्चार्ज पाइप म्हणतात. सेन्सर म्हणजे दोन वायरींच्या टोकाला बसवलेला वाटाण्याएवढा मणी. तो गार असला की विजेला जास्त अडवतो आणि तापला की कमी अडवतो. या अडवण्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. त्यावरून बोर्ड तापमानाचा हिशेब करतो. थोडक्यात, सेन्सर हा यंत्राचा थर्मामीटर आहे.

सेन्सर दोन प्रकारे बिघडतो. वायर उंदराने कुरतडली, कनेक्टरला हिरवा गंज चढला किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर बोर्डाला अशक्य आकडा मिळतो आणि सेन्सर खराब असल्याची खूण तो सरळ दाखवतो. हा बिघाड सोपा. दुसरा प्रकार कठीण. सेन्सर तुटत नाही, पण खोटे बोलू लागतो. आकडा शक्य कोटीतला असल्यामुळे बोर्ड त्यावर विश्वास ठेवतो. मुलाला ताप नसताना थर्मामीटर एकशेतीन दाखवू लागला, तर आई घाबरून डॉक्टरकडे धावेलच. त्यात आईचा काय दोष? आम्ही मात्र आईलाच वेडी ठरवून बदलून टाकले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊनच मावशींकडे गेलो. मेन स्विच बंद केला आणि दहा मिनिटे थांबलो. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. तो उतरला हे मीटरने पाहूनच हात घातला. डिस्चार्ज पाइपचा सेन्सर बोर्डावरून काढला. तो २५ अंशांना ५० किलोओहम दाखवणारा होता. त्या वेळी हवा ३० अंश होती, म्हणजे मीटरवर सुमारे ४० यायला हवे होते. आले २२. मग त्याच मापाचा नवा सेन्सर आणला आणि एका मगात ५० अंशांचे कोमट पाणी घेऊन दोन्ही मणी त्यात सोडले. नव्याने १८ दाखवले, जुन्याने १०. म्हणजे पाइप खरोखर ८५ अंश असला तर जुना सेन्सर बोर्डाला शंभरच्या वरचा आकडा सांगणार. दुपारच्या उन्हात यंत्रावर भार वाढला की बोर्ड कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी तो बंद करणार. बोर्ड त्याचे काम इमानाने करत होता. जुनाही आणि नवाही.

सेन्सर अडीचशे रुपयांचा होता. तो बसवला, मावशींचा जुना बोर्ड परत लावला आणि भर दुपारी दोन तास यंत्र चालवून पाहिले. एकदाही बंद पडले नाही.

आता खरी परीक्षा आमची होती. जिन्याशी उभे राहून आमच्यातला एक हळूच म्हणाला, "दोन्ही खराब होते असे सांगू. कोणाला कळणार आहे?" खोटे कशाला सांगा, कळले नसतेच. दुकानदार वापरलेला बोर्ड परत घेत नाही. साडेनऊ हजार म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा आणि वर पोरांची फी. पण भाची जवळच उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली. जी पोर आमच्याकडे पाहून हा धंदा शिकते आहे, तिला त्या दिवशी काय शिकवायचे, ते आम्हाला ठरवावे लागले.

आम्ही वर गेलो आणि मावशींना सगळे खरे सांगितले. बोर्डाचे पैसे जून आणि जुलै अशा दोन हप्त्यांत परत केले. मावशींनी नोटा मोजल्या, बचत गटाच्या वहीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, पुढच्या खेपेला आधी मोजा रे." एवढेच. तो बोर्ड आजही आमच्या दुकानात फळीवर आहे. आम्ही तो विकला नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. सेन्सर मोजल्याशिवाय बोर्डाला नाव ठेवायचे नाही. सेन्सर खराब असल्याची खूण आली, तर त्याच्या जागी तेवढ्याच मापाचा साधा रेझिस्टर लावून पाहतो. खूण गेली तर सेन्सर किंवा त्याची वायर खराब. राहिली तर मग बोर्डाकडे वळायचे. मात्र तो रेझिस्टर फक्त तपासणीपुरता. काही जण तोच आत ठेवून पैसे घेऊन जातात. मग कॉम्प्रेसर खरोखर तापला तरी बोर्डाला कळत नाही आणि एक दिवस कॉम्प्रेसर जळतो. सेन्सर पाइपवरच्या क्लिपमध्ये घट्ट बसला आहे ना, हेही पाहतो. तो निसटून बाहेर लोंबकळत असेल, तर पाइपऐवजी हवेचेच तापमान सांगत राहतो.

वाचकहो, बाहेरचे युनिट स्वतः उघडू नका. त्यातली वीज जिवावर बेतते. पण प्रश्न विचारायला वीज लागत नाही. कोणी म्हणाले, "बोर्ड गेला," तर विचारा, "सेन्सर मोजलात का? किती आकडा आला? किती यायला हवा होता?" जाणकार कारागीर रागावणार नाही, उलट मीटर दाखवील. आणि जो रागावेल, त्याच्या हातात घामाचे साडेनऊ हजार देण्यापूर्वी एक रात्र थांबा. आम्हाला तो प्रश्न मावशींनी पहिल्याच दिवशी विचारला असता, तर किती बरे झाले असते!