क्रियापदाचा सोबती

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर कन्नड कानी पडते, घरी मराठी बोलली जाते आणि कागदावर बहुधा इंग्रजी उतरते. या तिन्ही भाषांत वावरताना आम्हांला कुतूहल वाटत आले आहे ते इंग्रजी क्रियापदामागे लागणाऱ्या चिमुकल्या शब्दांचे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे; पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणे!

धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना अर्जात ‘पोस्टपोन’सारखा भारदस्त शब्दच शोभिवंत वाटे. आज साध्या टिपणातही ‘पुट ऑफ’ सहज येते. त्याचा खरा कस लागतो तो शब्दक्रमात. ‘टर्न ऑफ द मशीन’ आणि ‘टर्न द मशीन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये चालतात. सर्वनाम आले की मात्र ‘टर्न इट ऑफ’ असेच लिहावे लागते. उलट ‘लुक आफ्टर’ची जोडी सर्वनामासाठीही फुटत नाही.

हे सारे परके वाटते खरे. पण क्रियापदाला सोबती देण्याची रीत आपल्याकडेही आहे. ‘सांगितले’ ही नुसती घटना. ‘सांगून टाकले’ यात सुटकेचा निःश्वास आहे, तर ‘सांगून बसलो’ यात पश्चात्ताप. शेजारची कन्नडही ‘हेळिबिट्टे’ म्हणून तोच भार हलका करते. भेद इतकाच, की इंग्रजीतला सोबती बहुधा अर्थच पालटतो आणि आपला सोबती बोलणाऱ्याचे मन उघड करतो.

म्हणूनच चिंता वाटते. आमच्या नातवंडांची इंग्रजी वाक्ये निर्दोष असतात. त्यांच्या मराठीत मात्र ‘सांगितले’ एवढेच उरते. टाकणे, बसणे, देणे हे सोबती गळत चालले आहेत आणि त्यांच्याबरोबर मनाच्या छटाही. याचा दोष इंग्रजीला किंवा कन्नडला देणे न्यायाचे नव्हे. ज्यांच्या घरात मराठी होती, त्या धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड काव्यासाठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले आणि मराठीतही लेखन केले. मूल ‘गिव्ह अप’चा अर्थ विचारील, तेव्हा त्याला ‘सोडणे’ एवढेच न सांगता ‘सोडून देणे’ सांगावे आणि कन्नडमधले ‘बिट्टुबिडु’ही शेजारी ठेवावे. एवढे तर आपल्या हाती आहे.