धुळीतलं लोखंड

शिवाजीनगरहून निगडीला जाणाऱ्या बसमध्ये कधी बसला आहात का? खिडकीची जागा मिळाली तर मजाच! एरवी आपण दुकानांच्या पाट्या वाचतो. आज धूळ पाहू या. हसू नका! या धुळीत चक्क लोखंड, तांबं आणि जस्त दडलेलं आहे.

खडकी, दापोडी मागे पडते. सिग्नलला बस करकचून थांबते. ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमवर घासतात, दोन्ही झिजतात आणि लोखंडाची पूड उडते. काही लायनरमध्ये तांबंही असतं. टायर झिजला की त्यातलं जस्त रस्त्यावर येतं. शेजारच्या रुळांवरून लोकल धडधडत जाते, तिथे तर लोखंडावर लोखंडच घासतं.

नाशिक फाट्याला उजवीकडे वळलं की भोसरी. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ (म्हणजे आपली एमआयडीसी) स्थापन झालं, कारखाने आले आणि इथल्या गावांचं शहर झालं. छोट्या शेडमध्ये ग्राइंडर फिरतो. त्याची प्रत्येक ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. वेल्डिंगच्या धुरात लोखंडासोबत मँगनीज असतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाबा अशा शेडमध्ये कामाला जातात. हा धूर सगळ्यात आधी त्यांच्याच नाकात जातो. बाबांना मास्क मिळतो का, ते लावतात का, हे आज घरी विचाराच.

पूर्वी या हवेत शिसंही पुष्कळ असे. इंजिनात खडखड होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. २००० साली भारतभर ते पेट्रोल बंद झालं, हे फार बरं झालं. पण जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर वितळवतात, तिथून शिसं अजूनही हवेत येतं. अशा जागी खेळायला मुळीच जाऊ नका.

आता एक प्रयोग. चुंबकाला कागद गुंडाळा आणि रस्त्याकडच्या खिडकीतल्या धुळीवरून फिरवा. काळे कण टपाटप चिकटतील. तांबं, जस्त, शिसं मात्र चिकटणार नाही. आणि हो, चिकटलेलं सगळंच गाड्या-कारखान्यांचं नव्हे बरं का! आपल्याकडचा काळा खडक बेसॉल्टचा. त्यात मॅग्नेटाइट हे खनिज असतं आणि तेही चुंबकाला चिकटतं. म्हणून गावाकडच्या शेतातली चिमूटभर मातीही आणा. दोन्ही पुड्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. खडकाचे कण बहुतेक कोनदार दिसतील. खिडकीतल्या धुळीत गुळगुळीत, गोल मणी सापडला, तर तो वितळून थिजलेल्या ठिणगीचा असू शकेल. किती मणी सापडले ते वहीत लिहून ठेवा. प्रयोग झाल्यावर हात साबणाने धुवायला विसरू नका.