परक्या रानातली पहिली पेर

म्हैसूरहून कोडगूकडे जाणारा रस्ता हुणसूर, पिरियापट्टण ही गावे मागे टाकतो आणि कावेरी ओलांडून कुशालनगरात शिरण्याच्या थोडे आधी मक्याची शेते व त्यांच्यापलीकडे फडफडणाऱ्या पंचरंगी पताका दिसू लागतात. हे बैलकुप्पे. येथे येणारा प्रवासी नामद्रोलिंग मठातल्या सोनेरी मूर्ती पाहतो, गर्दीबरोबर फिरतो आणि संध्याकाळच्या आत परततो. मक्याकडे त्याचे लक्ष जात नाही. आणि या वसाहतीची कथा तर त्या मक्यापासूनच सुरू होते.

1959 साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या हजारो तिबेटी माणसांपैकी पुष्कळांच्या वाट्याला आरंभी हिमालयातल्या रस्त्यांवर दगड फोडण्याचे काम आले. पंडित नेहरूंनी राज्यांकडे जमिनीची विचारणा केली, तेव्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्याने सुमारे 3000 एकर रान भाडेपट्ट्याने देऊ केले. 1960 साली तेथे जी पहिली तुकडी उतरली, तीत 666 माणसे होती.

त्या 666 जणांत अठरा-वीस वर्षांचा कोणी एक तरुण नक्कीच असणार. त्याचे नाव आज शोधण्याचे कारण नाही. त्याच्यासारखे अनेक होते. भारत हा देश त्याला ऐकून ठाऊक होता, तो बुद्धाची भूमी म्हणून. लहानपणापासून त्याच्या घरात या देशाचा उल्लेख ‘आर्यभूमी’ असा आदराने होत असणार, आणि येथे एकदा तरी तीर्थयात्रेला यावे ही वडीलधाऱ्यांची आस असणार. तो आला खरा, पण हातात जपमाळेऐवजी कुऱ्हाड घेऊन. समोर सागाचे, बांबूचे, वेलींनी गच्च विणलेले अरण्य. तिबेटच्या पठारावर ज्याने उघडे डोंगर आणि सातूची शेते पाहिली, त्याला झाडांची ही दाटी आभाळ हिरावून घेणारी वाटली असावी.

राहायला तंबू आणि बांबूच्या झोपड्या. झाडे तोडायची, झुडपे पेटवायची, बुंधे उपटायचे. सगळे एकत्र, तुकड्या पाडून. आगीची धग, वरून दक्षिणेतले ऊन. दलाई लामा पुढे या वसाहतीत आले तेव्हा त्यांना भेटलेली माणसे उन्हाने करपलेली आणि खंगलेली होती. आपण येथे मरूनच जाऊ, अशी भीती त्यांच्या बोलण्यात होती. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम इन एक्झाइल’ या आत्मकथनात त्यांनी हे नोंदवले आहे. पण त्याच आठवणींत दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती पहिलीपेक्षा अधिक खोल जाते. रान पेटवताना असंख्य किडे आणि लहान जीव जळत होते. जीवमात्र पवित्र मानणाऱ्या या माणसांना ते असह्य झाले, आणि काहींनी हे काम थांबवावे असे दलाई लामांना येऊन सुचवले.

हा प्रसंग भावुकपणा म्हणून सोडून देता येत नाही. पोटात भूक आहे, मागे परतायला देश उरलेला नाही, सरकारने दिलेली एवढीच भूमी आहे. आणि तरीही माणूस विचारतो की माझ्या भाकरीसाठी या मुंगीने का जळावे? त्या तरुणाने कुऱ्हाड खाली ठेवली नाही. ठेवता येण्यासारखी नव्हतीच. पण कुऱ्हाड उचलताना त्याचे ओठ हलत असतील, तर त्यात नवल नाही.

सामुदायिक शेतीचे जगातले गाजलेले प्रयोग बहुधा विचारातून जन्मले. 1910 साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाला आणि त्याच वर्षी गॅलिलीच्या सरोवराकाठी देगानिया ही पहिली किबुत्झ वसली. पुढे, विशेषतः 1967 नंतर, देशोदेशींचे तरुण काही महिने राबण्यासाठी किबुत्झांवर जाऊ लागले. हाताला फोड येणे, पहाटे उठणे, अनोळखी भाषेत हाका ऐकणे हा अनुभव त्यांनाही आला. पण त्यांच्या खिशात परतीचे तिकीट होते. बैलकुप्प्याच्या तरुणाकडे ते नव्हते. सामुदायिक जीवन ही त्याची निवड नव्हती, तर एकट्याने तेथे जगणेच शक्य नव्हते.

पुढे जमीन कुटुंबांना वाटली गेली, माणशी सुमारे एक एकर. सहकारी संस्था उभी राहिली, ट्रॅक्टर आले. कोणते पीक येथे तगते हे पेरून पाहिल्यावाचून कळण्यासारखे नव्हते. अखेर मका हे मुख्य पीक ठरले. सातूच्या पिठावर वाढलेल्या माणसाने जूनच्या पावसाचा अंदाज बांधायला शिकणे ही केवढी मोठी विद्या! कणसे भरली की जंगलातून हत्ती येत, आणि मग रात्री जागून काढाव्या लागत.

1968 साली या पुनर्वसनासाठी ‘मायराडा’ ही संस्था स्थापन झाली. 1969 साली शेजारीच दुसरी वसाहत वसली, आणि 1972 मध्ये महाराष्ट्रातही, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोठणगावाजवळ, तिबेटी निर्वासितांनी जमीन कसायला घेतली. हिवाळ्यात पुण्याच्या पदपथावर स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईशी घासाघीस करताना तिच्या गावी शेत असेल, हे आपल्याला सुचतही नाही. वर्षभर पुरेल एवढे एक-दोन एकरांत पिकत नाही. म्हणून ती पदपथावर आलेली असते.

आज कोणा परदेशी तरुणाला बैलकुप्प्यात राहून राबावेसे वाटले, तर मुक्कामासाठी त्याला आधी सरकारी परवाना काढावा लागतो. वसाहतीतली तरुण मुलेही आता शिकून बंगळुराला जातात, अमेरिकेला, कॅनडाला जातात. पुष्कळ शेते आसपासचे कन्नड शेतकरीच कसतात. त्यांची मुले तिबेटी शब्द बोलतात, आणि उरलेले म्हातारे अस्सल म्हैसुरी कन्नडमध्ये पावसाची चौकशी करतात.