आठ मोठे की दोन?

आम्ही आष्टीला उर्दू शाळेत शिकवतो. वर्गातली काही मुलं दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्गाचा फोटो निघतो जानेवारीत. त्यात ती कधीच नसतात. यंदा ती जायच्या आधी आपणच फोटो काढायचा, मोठा करून भिंतीवर लावायचा, असं ठरवून आम्ही पैसे साठवले.

2022 च्या सप्टेंबरात आष्टीला रेल्वे आली. तिनंच अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या तोंडच्या नगरला, गेलो. दुकानातल्या पोरानं विचारलं, "सर, सेन्सर कोणता? फुल फ्रेम की एपीएस-सी? आयएसओ कितीपर्यंत हवा?" आम्ही बी.एड. झालेले, नाही कळलं असं कसं म्हणणार? "हां, हां" करत मान डोलवत राहिलो. 24 मेगापिक्सल तेवढं उमगलं. 6000 गुणिले 4000, म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपके.

मग त्यानं विचारलं, "वर्गात उजेड कमी असला, तर अपर्चर 2 वर ठेवाल की 8 वर?"

"8 वर. आकडा मोठा, भोक मोठं."

"उलटं आहे सर. हा आकडा छेदात असतो. 50 मिलिमीटरची लेन्स 2 वर ठेवली तर भोक 25 मिलिमीटरचं. 8 वर ठेवली तर जेमतेम सव्वासहा."

आमचे कान गरम झाले. मागच्याच आठवड्यात ऊसतोडीला जाणारा एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून म्हणाला होता, "सर, 8 बडा है ना? तो 1/8 बडा." आम्ही त्याला सगळ्यांदेखत रागावलो होतो. नंतर "समझ में आया?" विचारलं, तर त्यानंही अशीच मान डोलवली होती.

परतताना गाडीत आठवलं, आमच्या उर्दू पुस्तकात लेन्सला 'अदसा' म्हणतात. अरबीत 'अदस' म्हणजे मसूर. लॅटिनमध्येही 'लेन्स' म्हणजे मसूरच. दाण्याच्या आकारावरून पडलेलं नाव. एवढा अवघड शब्द, आणि निघाला घरच्या डब्यातला!

दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी काढून त्या मुलाला जवळ बोलावलं. "दोघांत वाटली तर केवढी मिळेल? आठांत वाटली तर?" तो भाकरीकडे बघत राहिला, मग हसला. "आठ में तो कम आती सर." या खेपेला मान डोलवली नाही. आम्ही त्याला म्हटलं, "हम भी कल यहीच गलती करके आए."

दुकानातल्या पोरानं आणखी एक गोष्ट सांगितली होती: भोक फार उघडलं की पुढचे चेहरे स्पष्ट येतात, मागची रांग धूसर होते. म्हणून मुलांना बाहेर लिंबाखाली उन्हात उभं केलं आणि आकडा 8 वर ठेवला.

फोटो आता वर्गाच्या भिंतीवर आहे. मुलं कारखान्यावर आहेत. मागच्या रांगेतला प्रत्येक चेहरा स्पष्ट आलाय.