वहीत न उतरणारी बाकी

धाराशिवच्या बाजारपेठेतील एका आडत दुकानात पाडव्याला नवी वही पूजली गेली. जुन्या वहीतील बाक्या उतरवताना वयोवृद्ध शेटजींचा हात एका खात्यापाशी थांबला. येणे होते, देणारा मात्र उरला नव्हता. सोयाबीन घेऊन वर्षानुवर्षे येणाऱ्या त्या शेतकऱ्याने हंगामाआधीच जीवन संपविले होते. काही दिवसांनी त्याचा मुलगा हिशेब विचारण्यास आला आणि जाताना एवढेच बोलला, “शेटजी, वडील महिनाभर झोपत नव्हते. कुणी विचारलंच नाही.”

ते वाक्य शेटजींच्या मनात रुतून बसले. शेवटच्या भेटीत भावाची चर्चा झाली होती, उचलीची झाली होती. समोरचा माणूस चहाला हात न लावता उठला, हे त्यांनी पाहिले होते. पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

या जिल्ह्यात काहीच प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. २०१५ साली शासनाने उस्मानाबाद व यवतमाळ जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. प्रेरणा प्रकल्पाद्वारे १४ जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा यांविषयी विचारावे आणि गरजूंना समुपदेशन व उपचारांपर्यंत पोहोचवावे, अशी योजना झाली. व्यापारी मनाला पुढचा प्रश्न पडतोच : याचा ताळेबंद मांडायचा कसा?

भरलेल्या अर्जांची संख्या म्हणजे केवळ उलाढाल. ती नफा नव्हे. आत्महत्यांच्या आकड्यावरूनही लगेच निष्कर्ष काढता येत नाही. एका तालुक्यात ते आकडे लहान असतात आणि पाऊस व बाजारभाव यांच्यासोबतही हलतात. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला, तेथे वेगळे माप वापरले गेले : नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी किती जण मदतीपर्यंत पोहोचले? आरंभी हे प्रमाण ४.३ टक्के होते. १८ महिन्यांनी २७.२ टक्के झाले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे नव्हती, म्हणून सारे श्रेय उपक्रमालाच देता येत नाही. शिवाय प्रमाण सहापट होऊनही शंभरातील सत्तरांहून अधिक माणसे मदतीविनाच राहिली. प्रामाणिक ताळेबंदात जमेसोबत ही तूटही लिहावी लागते.

आणखीही काही विचारावे लागते. एकदा आलेला रुग्ण दुसऱ्यांदा आला का? औषध संपले तेव्हा आरोग्य केंद्रात ते मिळाले का? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची नोंद कोणी ठेवली?

काही कामांचे मोल कळण्यास काळ जावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्या कार्याचे यश पहिल्या वर्षाच्या पटसंख्येत नव्हे, तर ती मुले पुढे कशी उभी राहिली, यात शोधावे लागते.

शेटजींनी त्या खात्यावर आडवी रेघ मारली आणि येणे सोडून दिले. गादीशेजारच्या भिंतीवर आता टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ठळक लिहिलेला आहे. माल उतरविताना कोणी गप्प दिसला, तर वजनकाट्याकडे वळण्याआधी ते विचारतात, “झोप लागते ना, बाबा?” उत्तर येईपर्यंत वही मिटलेली असते.