पुलावरचा पाऊस

आमच्या कोकणातल्या घरी, माजघराच्या भिंतीवर, बारा महिने पाऊस कोसळत असायचा. लाकडी पूल, छत्र्यांखाली अंग चोरून पळणारी माणसं, नदीत एकटा तराफेवाला. काका बोटीवर होते; योकोहामाहून त्यांनी हे चित्र आणलं होतं. मला वाटे, एखाद्या संध्याकाळी ती माणसं पूल उतरून थेट आमच्या ओटीवर येतील आणि आजी त्यांना आधी पाय धुवायला लावेल.

कॉलेजात एका पुस्तकात तोच पूल भेटला. हिरोशिगेचं 1857 सालचं चित्र. एडोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, सुमिदा नदीवरची सर. 1887 मध्ये व्हॅन गॉगनंही ते तैलरंगात उतरवलेलं. घरात लाखोंचा ऐवज आहे, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

काकांमागे चित्र माझ्याकडे आलं. चौकट उघडली, तर प्लायवूडच्या आत चित्राच्या माहितीचा छापील कागद. इंग्रजीत! 1857 साली एडोतला प्रकाशक इंग्रजी कुणासाठी छापणार? समासात शिक्काही नव्या प्रकाशकाचा. लाख तिथेच विरघळले.

तरी भिंग लावलं. ऑफसेटचे ठिपके कुठेच नव्हते. कागद पालथा केला, तर रंग मागे झिरपलेला आणि त्यावर गोल गोल वळसे. छापणाऱ्यानं ओलसर कागदावर ‘बारेन’ नावाची चकती घासल्याच्या त्या खुणा. म्हणजे नक्कल खरी, पण कुणीतरी लाकडी ठोकळे नव्यानं कोरलेले; पावसाची केसाएवढी रेघ उभी ठेवून भोवतालचं लाकूड काढलेलं.

आणि मुळात तरी काय होतं? हिरोशिगेचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं आणि त्यावरूनच कोरायचं. कोरता कोरता ते संपून जायचं. कोरणारा निराळा, छापणारा निराळा. उरायच्या त्या प्रतीच.

जाणकारांनी किंमत सांगितली काही हजार. मग कोपऱ्यातल्या तांबूस डागांवर बोट ठेवून म्हणाले, “यांनी ती आणखी उतरते. हवे तर काढून देतो.” ते डाग आमच्या जांभ्याच्या भिंतीतल्या ओलीचे, कित्येक पावसाळ्यांचे. पुढे वाढू नयेत म्हणून मागचं प्लायवूड तेवढं बदलून घेतलं. डाग राहू दिले. हिरोशिगेच्या पावसाच्या प्रती जगभर आहेत. आमच्या पावसात भिजलेली एवढी एकच.