वळिवड्याची वाट : कोल्हापूर आणि पोलंड

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेल्या पॅसेंजर गाडीला गूळ मार्केटनंतर वळिवडे हे छोटे स्थानक लागते. रुकडी आणि हातकणंगले त्याच्या पुढे. करवीर तालुक्यातल्या याच वळिवड्याच्या शिवारात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. पोलिश निर्वासितांची भारतातली ही सर्वांत मोठी वसाहत. भारत आणि पोलंड यांच्या आजच्या स्नेहाचा एक भक्कम पाया इथे घातला गेला.

हे लोक इथवर आले तो प्रवास फार लांबचा होता. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने पोलंड व्यापला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना पुढच्या दोन वर्षांत घरांतून उठवून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला, तेव्हा परिस्थिती पालटली. जुलैमध्ये पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात सिकोर्स्की–माइस्की करार झाला आणि पोलिश बंद्यांची सुटका सुरू झाली. जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश माणसे, सैनिक आणि नागरिक मिळून, इराणला पोहोचली. त्यांतले बहुतेक क्रास्नोवोद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून आले. इतक्या लोकांची सोय एकट्या इराणमध्ये होण्यासारखी नव्हती. म्हणून नागरिकांना भारत, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड आणि मेक्सिको अशा दूरच्या देशांत पाठवण्यात आले.

भारतात आधी आली ती मुले. अश्गाबातहून मालमोटारींनी मशहद, झाहेदान असा खडतर रस्ता कापत त्यांना आणण्यात आले. मुंबईतल्या पोलिश वकिलातीने आणि रेडक्रॉसने त्यासाठी खूप खटपट केली. पोलिश रेडक्रॉसच्या मुंबईतील प्रतिनिधी कीरा बानासिन्स्का या कामात आघाडीवर होत्या. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे या मुलांना आसरा दिला. कुटुंबांसाठी मात्र मोठी, कायमस्वरूपी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला मिळाली. इराणमधून निघालेली कुटुंबे कराचीच्या संक्रमण छावणीत थांबत आणि तिथून वळिवड्याला येत.

वळिवड्याची वसाहत म्हणजे एक छोटे शहरच होते. लांबलचक बराकींमध्ये प्रत्येक कुटुंबाला खोली, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी मिळे. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह, टपाल कार्यालय आणि सहकारी दुकान अशा सोयी वसाहतीतच होत्या. खर्च लंडनमधले पोलिश निर्वासित सरकार करी. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतल्यावर ही जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्वसन यंत्रणेकडे गेली.

अशी वसाहत केवळ पैशावर चालत नाही. तिथली शाळा, दवाखाना आणि मुलांची पथके चालली ती स्वतःहून पुढे आलेल्या माणसांमुळे. शिक्षिकांनी तुटपुंज्या पुस्तकांवर वर्ग चालवले. कोझेल्स्कच्या सोव्हिएत बंदिवासातून वाचलेले आणि पुढे धर्मगुरू झालेले अधिकारी झ्जिस्वाव पेश्कोव्स्की यांनी इथल्या स्काउट पथकांना शिस्त आणि उमेद दिली. वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषी १९३५ पासून भारतात होत्या आणि उमादेवी या नावाने ओळखल्या जात. त्यांनी पोलिश मुलांना भारताची ओळख करून दिली. मूळच्या पोलंडमधल्या मॉरिस फ्रिडमन यांच्या साथीने त्यांनी पोलिश-भारतीय ग्रंथमाला उभी केली. हेच फ्रिडमन औंध संस्थानात लोकांच्या हाती कारभार सोपवण्याच्या प्रयोगात सहभागी होते. पुढे १९६० च्या दशकात उमादेवींनी धरमशाळेत तिबेटी निर्वासितांची सेवा केली. परक्या देशात जाऊन तिथल्या माणसांचे काम आपले मानणे म्हणजे काय, हे या दोघांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते.

दोन समाजांची ओळख मात्र रोजच्या व्यवहारातूनच वाढली. भाजी, दूध, कापड यांच्या खरेदी-विक्रीत पोलिश बायका आणि आसपासच्या गावांतली माणसे एकमेकांच्या भाषेतले शब्द उचलू लागली. मुले मोठी झाली ती पंचगंगेच्या काठी आणि कोल्हापूरच्या पावसात. १९४७–४८ मध्ये वसाहत मोकळी होऊ लागली, तेव्हा बहुतेक कुटुंबे ब्रिटन आणि इतर देशांत गेली. एका पोलिश तरुणीने मात्र कोल्हापुरात लग्न केले आणि ती इथलीच झाली.

आज वळिवडे स्थानकावर उतरून चालू लागलो की गांधीनगर लागते. फाळणीनंतर रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी इथे घाऊक कापडाची मोठी बाजारपेठ उभारली. एका उद्ध्वस्त समाजाने सोडलेल्या जागेत दुसऱ्या उद्ध्वस्त समाजाने संसार मांडला. सप्टेंबर २०१९ मध्ये, महायुद्ध सुरू झाल्याला ८० वर्षे झाली तेव्हा, वृद्ध झालेले काही माजी रहिवासी पोलंडहून आणि अन्य देशांतून इथे आले आणि वळिवड्यात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. परत कोल्हापुरात आलो की नागाळा पार्कातल्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांनी कृतज्ञतेने उभारलेले स्मारक पाहता येते. वसाहतीत मरण पावलेल्यांच्या कबरीही शहरात जपल्या आहेत.

या वाटेचे दुसरे टोक वॉर्सात आहे. तिथे जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, तसेच कोल्हापूरचे स्मारकही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावण्यासाठी जामसाहेबांच्या नावाने युवक-विनिमय उपक्रमही त्याच दौऱ्यात जाहीर झाला. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५४ मध्ये सुरू झाले. त्याच्या सहा वर्षे आधीच वळिवड्यातून निघालेली माणसे कोल्हापूरची ओळख आपल्याबरोबर घेऊन गेली होती.